यादवी युद्धातले मातीचे कोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टन आणि उत्तर व्हर्जिनियाच्या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर आहेत. मुलांना खेळायला न्यायची बाग, सकाळी फिरायची टेकडी, मेट्रोचं 'फोर्ट टॉटन' स्टेशन अशा कितीतरी जागांच्या नावात इथे 'फोर्ट' आहे. प्रत्यक्ष किल्ला मात्र सहसा कुणाला दिसत नाही. मी अलेक्झांड्रियाजवळ राहते, फोर्ट वॉर्डच्या बागेत बरीच वर्षं फिरायला जाते. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी आणि इथल्या मित्रमंडळींनी त्या फेऱ्यांमध्ये विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

इथे किल्ला कुठे आहे? मला तर नुसतं गवताचं टेकाड दिसतंय.

ते टेकाड म्हणजेच किल्ला. राजगड-रायगड पाहिलेली आपली नजर कातळ, चिरे, बुरूज आणि दरवाजा शोधते. इथे त्यातलं काहीच नाही. लांबट उंचवटा, त्याच्या बाहेरच्या अंगाला उथळ झालेला खंदक, मध्येच काटकोनात वळलेला कोपरा आणि उंचवट्यात ठराविक अंतरावर पडलेल्या खाचा एवढंच दिसतं. त्या खाचांतून तोफांची तोंडं बाहेर निघत असत.

अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असं चाललं. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं एका बाजूला आणि संघराज्य दुसऱ्या बाजूला. या चार वर्षांत दोन्ही सैन्यांनी प्रचंड प्रमाणावर माती उकरली आणि रचली. त्यातलं जे उरलं आहे, ते आज पुरातत्त्वीय स्थळ म्हणून जपलं जातं.

दगड-विटांचे मजबूत किल्ले असताना मातीचे का बांधले?

कारण विटांचे किल्ले त्या युद्धात उघडे पडले. जॉर्जियात सव्हाना शहराजवळ फोर्ट पुलास्की आहे. त्याच्या विटांच्या भिंती साडेसात फूट जाड, आणि तो अभेद्य समजला जाई. एप्रिल १८६२ मध्ये संघराज्याच्या सैन्यानं त्याच्यावर नळीत आटे पाडलेल्या नव्या तोफा रोखल्या. सुमारे तीस तासांत भिंतीला खिंडार पडलं आणि किल्ला शरण आला. वीट आणि दगड मार लागला की फुटतात, त्यांच्या कपच्या उडतात आणि आतल्याच माणसांना लागतात.

माती तोफगोळा पोटात घेते. त्याच सव्हानाजवळ दक्षिणेचा फोर्ट मॅकअ‍ॅलिस्टर हा निव्वळ मातीचा कोट होता. १८६२-६३ मध्ये आरमारानं, त्यात चिलखती जहाजंही होती, त्याच्यावर पुन्हा पुन्हा मारा केला. दिवसा पडलेले खड्डे रात्री फावड्यांनी बुजवले जात आणि सकाळी कोट पुन्हा उभा असे. तो शेवटी पडला डिसेंबर १८६४ मध्ये, आणि तोही जमिनीच्या बाजूनं, जनरल शेर्मनच्या पायदळानं चढाई केली तेव्हा.

दुसरं कारण साधं होतं. माती जागेवर मिळते, तिला गवंडी लागत नाही आणि चुना मळावा लागत नाही. हाताशी माणसं आणि फावडी असली की काही दिवसांत आडोसा उभा राहतो. युद्धाच्या शेवटच्या वर्षात तर सैनिक मुक्कामाला पोचले की चूल पेटवण्याआधी जमीन उकरायला लागत.

कोट रचायचे कसे? त्याच्या भागांना मराठीत काय म्हणायचं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण यासाठी आपल्याकडे अस्सल शब्द आहेत. बाहेरच्या बाजूला *खंदक* खणायचा आणि निघालेली माती आत टाकून तिचा *बांध* घालायचा. म्हणजे एकाच कामात खड्डाही होतो आणि तटही. जिथे जड तोफांचा मार येणार तिथे बांध बारा फूट किंवा त्याहून जाड ठेवत. बांधाच्या आतल्या अंगाला सैनिकानं उभं राहून गोळी झाडायची पायरी असे. आपल्या तटावरची *फांजी* आठवा, काम साधारण तेच. तोफा जिथे चढवायच्या तिथे माती भरून उंच ओटा करत. आपल्या बखरींतला *दमदमा* म्हणजे जवळपास हेच.

आतली बाजू उभी राहावी म्हणून ती लाकडांनी किंवा विणकामानं धरून ठेवावी लागे. काटक्यांच्या उंच, बिनबुडाच्या टोपल्या विणायच्या, त्या रांगेनं उभ्या करायच्या आणि मातीनं भरायच्या. धान्याच्या कणग्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. त्यांच्या जोडीला काटक्यांच्या घट्ट बांधलेल्या मोळ्या. बाहेरच्या उतारावर गवताच्या ढपल्या बसवत, म्हणजे पावसानं माती वाहून जात नसे. खंदकापलीकडे झाडं पाडून त्यांचे शेंडे शत्रूच्या दिशेला करून ठेवत आणि फांद्यांना टोकं काढत. ही आडवण ओलांडताना माणूस अडकला की तो बंदुकीच्या टप्प्यात आयता सापडे.

यातलं लाकूड, विणकाम आणि फांद्या सगळं कुजून गेलं. माती तेवढी राहिली, तीही आधार सुटल्यामुळे थोडी खाली बसली. म्हणून आज दिसणारा उतार मूळ उतारापेक्षा सौम्य असतो आणि खंदक मूळ खोलीपेक्षा बराच उथळ.

ही माती खणली कोणी?

सैनिकांनी खणली, पण एकट्या सैनिकांनी नाही. दक्षिणेच्या बाजूचं खूपसं काम गुलाम केलेल्या काळ्या माणसांकडून करवून घेतलं गेलं. मालकांकडून माणसं सक्तीनं मागून घेण्यासाठी व्हर्जिनियानं ऑक्टोबर १८६२ मध्ये कायदा केला आणि पुढच्या वर्षी दक्षिणेच्या केंद्रीय सरकारनंही केला. स्वतंत्र असलेल्या काळ्या माणसांनाही वेठीला धरलं जाई. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहराभोवतीची सुमारे दहा मैलांची, ५५ तोफमोर्चांची 'डिमॉक लाइन' अशाच हातांनी उभी राहिली.

याच मातीकामातून युद्धातला एक फार मोठा प्रसंग घडला. मे १८६१. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर स्यूअल्स पॉइंट इथे दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चा बांधत होते. एका रात्री होडी घेऊन ते पाण्यापलीकडच्या फोर्ट मनरोला, म्हणजे संघराज्याच्या ठाण्यात पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांना परत मागायला मालकाचा माणूस आला. तिथला सेनापती बेंजामिन बटलर व्यवसायानं वकील होता. तुम्ही या माणसांना आमच्याविरुद्ध तोफमोर्चे बांधायला लावता, तर ती युद्धसामग्री ठरते आणि युद्धसामग्री आम्ही जप्त करू शकतो, असा मुद्दा काढून त्यानं त्यांना परत द्यायला नकार दिला. माणसाला सामग्री म्हणणं वाईटच, पण त्या एका निर्णयानं दार किलकिलं झालं आणि पुढे हजारो माणसं संघराज्याच्या ठाण्यांकडे पळून येऊ लागली. वॉशिंग्टनभोवतीच्या कोटांवर, मोबदला घेऊन राबणाऱ्यांत असे सुटून आलेले लोक पुष्कळ होते.

वॉशिंग्टनमधल्या फोर्ट स्टीव्हन्सची गोष्टही माहीत असावी. तो कोट उभारला गेला ती जागा एलिझाबेथ थॉमस या स्वतंत्र काळ्या बाईची होती. सैन्यानं तिचं घर पाडलं. आपण मूल कडेवर घेऊन रडत बसलो होतो तेव्हा उंच, काळ्या कपड्यांतल्या माणसानं येऊन धीर दिला आणि तो लिंकन होता, अशी आठवण ती म्हातारपणापर्यंत सांगत असे.

वॉशिंग्टनभोवती असे किती कोट होते?

जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत संघराज्याचा पराभव झाला आणि राजधानी किती उघडी आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जॉन बार्नार्ड या अभियंत्याच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. युद्ध संपेपर्यंत शहराभोवती ३७ मैलांचं कडं तयार झालं होतं. त्यात ६८ बंदिस्त कोट व तोफखाने, मैदानी तोफांसाठी ९३ रिकामे मोर्चे, २० मैल बंदूकधाऱ्यांचे चर आणि ८०७ चढवलेल्या तोफा होत्या. कोटांना जोडायला लष्करी रस्ते काढले. आज वॉशिंग्टनमध्ये ज्याला 'मिलिटरी रोड' म्हणतात, ते नाव तिथूनच आलं.

युद्ध संपताच बहुतेक जमिनी मूळ मालकांना परत गेल्या, लाकडं विकली गेली, शेतं नांगरली गेली आणि पुढे शहर पसरलं. थोडे कोट बागांमध्ये आणि रानात वाचले.

फोर्ट वॉर्डमध्ये एवढं विशेष काय?

या सगळ्या कड्यातला तो उत्तम राखलेल्या कोटांपैकी एक आहे. १८६१ मध्ये बांधला, १८६४ मध्ये वाढवला, घेर ५४० यार्डांवरून ८१८ यार्डांवर नेला. पाच बुरूज आणि ३६ तोफांच्या जागा. युद्धात मारला गेलेला संघराज्याच्या आरमाराचा पहिला अधिकारी जेम्स वॉर्ड, त्याचं नाव कोटाला दिलं. अलेक्झांड्रिया शहरानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, युद्धाच्या शताब्दीच्या निमित्तानं, वायव्येचा बुरूज जुन्या आराखड्यांवरून पुन्हा उभा केला. बाकीचा तट मूळ आहे.

हा फरक जागेवर नीट बघा. वायव्येच्या बुरुजात तोफा आहेत, लाकडी आधार आहेत, कडा धारदार आहेत. तिथून डावीकडे चालत गेलात की कडा मऊ होत जातात, ओकची झाडं येतात आणि खंदकात पाचोळा साठलेला दिसतो. पाहुणे पहिल्या भागात फोटो काढतात आणि परत फिरतात. मला विचाराल तर दुसरा भाग मोलाचा आहे, कारण तिथली माती १८६४ मध्ये ज्या माणसांनी टाकली त्यांचीच आहे.

या जागेचा आणखी एक थर आहे. युद्धानंतर काळ्या कुटुंबांनी कोटाच्या आत-बाहेर घरं बांधली. मुलांची शाळा होती, चर्च होतं. ती वस्ती 'द फोर्ट' या नावानंच ओळखली जाई. विसाव्या शतकाच्या मध्यात शहरानं बाग करायला जमिनी घेतल्या आणि ती कुटुंबं उठली. पुढे वंशजांनी पाठपुरावा केला. पुरातत्त्वज्ञांनी बागेत खुणा नसलेली थडगी शोधली आणि आता त्या वस्तीची माहिती फलकांवर आहे. युद्धाचा कोट जपताना माणसांची वस्ती पुसली गेली होती, हे इथे फिरताना मनात असू द्यावं.

दीडशे वर्षांहून जास्त काळ माती टिकली कशी?

तिच्यावर काहीतरी उगवलं म्हणून. उघडी माती पावसाच्या थेंबांनी सुटते आणि उतारावरून वाहून जाते. गवताचं मूळ किंवा पाचोळ्याचा जाड थर असला तर थेंबाचा मार मातीपर्यंत पोचत नाही. जे कोट युद्धानंतर लगेच रानानं वेढले, तेच सगळ्यात चांगले राहिले आहेत. रॉक क्रीक पार्कमधला फोर्ट डीरसी बघा. भर राजधानीत, दाट झाडीत, बांध आणि खंदक अजून स्पष्ट आहेत.

मग झाडं तोडून कोटाला मूळ रूप का देत नाहीत? युद्धाच्या वेळी तर इथे एकही झाड नव्हतं.

खरं आहे, नव्हतं. तोफेपुढची नजर मोकळी राहावी म्हणून मैलभर झाडं पाडलेली असत. त्यामुळे झाडं काढून टाकावीत हा विचार लोकांच्या मनात सहज येतो आणि पूर्वी ठिकठिकाणी तसं केलंही गेलं. परिणाम वाईट झाला. सावली गेली, पाचोळा उडाला, लॉन लावून यंत्रानं कापायला सुरुवात झाली, आणि जड यंत्राची पाती बांधाच्या माथ्यावर दर आठवड्याला थोडी थोडी माती खरवडू लागली. झाड मुळासकट उपटलं तर बांधाचा केवढा तरी तुकडा त्या मुळांबरोबर बाहेर येतो.

झाडं ठेवण्यातही धोका आहेच. सप्टेंबर २००३ मध्ये इसाबेल हे चक्रीवादळ व्हर्जिनियावरून गेलं, तेव्हा रणभूमींवर मोठमोठी झाडं कोसळली. बांधावरचं म्हातारं झाड वाऱ्यानं उन्मळलं की त्याच्या मुळांच्या ताटाएवढा खड्डा तटात पडतो आणि तो बुजवला तरी आतले थर विस्कटतात ते कायमचे.

राष्ट्रीय उद्यान सेवेनं या अनुभवांतून १९९० च्या दशकात वेगळी पद्धत मांडली. रानातला कोट रानातच ठेवायचा. पाचोळा झाडायचा नाही. वाऱ्यानं पडण्यासारखी मोठी, कलती झाडं हेरून ती जमिनीलगत कापायची, बुंधा आणि मुळं तशीच कुजू द्यायची. लहान झाडं वाढू द्यायची, म्हणजे छत्र राहतं. जिथे मोकळा देखावा हवाच, तिथे लिटल ब्लूस्टेमसारखं खोल मुळांचं देशी गवत लावायचं आणि वर्षातून फार तर एक-दोनदा कापायचं. म्हणून एखादा कोट वाढलेल्या गवतात 'दुर्लक्षित' दिसला तर लगेच तक्रार करू नका. बहुतेक वेळा ते गवत मुद्दाम वाढवलेलं असतं.

वर चढलं तर काय बिघडतं? एक माणूस, दोन मिनिटं.

फोर्ट वॉर्डजवळच्या एका बांधावर मी हे घडताना पाहिलं आहे. एका वसंतात कुणी मुलं सायकली घेऊन तिथून घसरत होती. मे महिन्यात गवतात पावलाएवढी रुंद, पिवळट रेघ होती. ऑगस्टच्या पावसांनंतर तिथे हात जाईल एवढी घळ झाली. तळाशी खंदकात धुऊन आलेल्या मातीचा लहानसा पंखा पसरला होता, अगदी नदी समुद्राला मिळते तिथे दिसतो तसा. ती माती कुणी उचलून परत वर ठेवू शकत नाही. ठेवली तरी ती १८६१ ची रचना राहत नाही, आपण घातलेली भर होते.

लोक एकाच सोयीच्या जागेवरून चढतात, त्यामुळे मार एकाच रेषेवर पडतो. म्हणून उद्यानांमध्ये बांध ओलांडायला लाकडी पूल किंवा पायऱ्या केलेल्या असतात. वुडचक नावाचा बिळं करणारा प्राणीही असाच उपद्रव देतो, पण त्याला फलक वाचता येत नाहीत. आपल्याला येतात, तेव्हा मुलांना पुलावरूनच न्या.

कायद्याचं संरक्षण नेमकं काय आहे?

जमीन कुणाची यावर ते ठरतं. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या किंवा अन्य संघीय मालकीच्या जमिनीवर सगळ्यात कडक नियम आहेत. १९०६ च्या पुरावस्तू कायद्यानं सुरुवात झाली. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यानुसार संघीय जमिनीवरची, शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू किंवा रचना परवान्याशिवाय खणणं, हलवणं, मोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुकसान ५०० डॉलरहून जास्त भरलं तर २०,००० डॉलर आणि दोन वर्षांपर्यंत. मातीचा बांध हीसुद्धा अशी 'रचना' आहे, जमिनीतल्या गोळ्या-बटणांइतकीच.

१९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा कायद्यानं ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. संघीय पैशातून किंवा परवान्यातून होणारा रस्ता, पूल, इमारत अशा स्थळावर काय परिणाम करेल याचा विचार आधी करणं त्यानं बंधनकारक केलं. विचार करणं बंधनकारक आहे, काम थांबवणं नाही.

आणि खासगी जमिनीवर असेल तर?

इथे आपल्याकडच्या माणसाला धक्का बसतो. भारतात १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असतं. अमेरिकेत असं आपोआप लागू होणारं वर्तुळ नाही. कोट नोंदवहीत असला तरी स्वतःच्या पैशानं मालक तो सपाट करू शकतो, स्थानिक नियम आडवे आले नाहीत तर.

पीटर्सबर्गजवळचा फोर्ट सेजविक असाच गेला. सैनिक त्याला 'फोर्ट हेल' म्हणत, इतका तो माऱ्यात होता. वेढ्यातून वाचला, पुढे शंभर वर्षं टिकला आणि १९६० च्या दशकात दुकानांच्या जागेसाठी सपाट झाला. अमेरिकन काँग्रेसनं नेमलेल्या आयोगानं युद्धातल्या ३८४ प्रमुख रणभूमी निवडून तपासल्या आणि १९९३ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या जवळपास पाचातली एक तोवर हातची गेलेली होती.

यावर चाललेला मार्ग म्हणजे जमीन विकत घेणं, किंवा मालकाकडून बांधकामाचा हक्क कायमचा सोडून देणारा करार करणं. जमीन, शेती, घर मालकाकडेच राहतं, करात सवलत मिळते आणि रणभूमी बुलडोझरपासून वाचते. 'अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट' या संस्थेनं या मार्गांनी ५०,००० एकरांहून जास्त जमीन वाचवली आहे.

फिरताना जुनी गोळी किंवा तोफगोळा दिसला तर?

शिशाची गोळी दिसली तर जिथे आहे तिथे राहू द्या, फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि उद्यानाच्या कर्मचाऱ्याला सांगा. राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर बाळगायलाही परवानगी नाही. एका गोळीनं काय होतं असं वाटतं, पण सगळी माहिती गोळीच्या जागेत असते. चपटी झालेली गोळी बांधाच्या बाहेरच्या उतारात मिळाली तर ती शत्रूची, आतल्या पायरीजवळ न झाडलेली मिळाली तर ती घाईत हातून सुटलेली. अशा शंभर गोळ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या की हल्ला कुठून आला आणि कुठे अडला ते कळतं. खिशात घातलेली गोळी म्हणजे नुसतं शिसं.

तोफगोळा दिसला तर मात्र लांब व्हा आणि ९११ ला फोन करा. आतली दारू अजून जिवंत असू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियात एका अनुभवी संग्राहकाचा असा जुना गोळा साफ करताना स्फोट होऊन मृत्यू झाला.

पुरातत्त्वज्ञ मग स्वतः का खणतात?

ते फार कमी खणतात आणि नोंद करत खणतात. बांध आणि खंदक यांना आडवा छेद देणारा अरुंद चर घेतला की कापलेल्या केकसारखे थर दिसतात. तळाशी खंदकाची मूळ खोली, त्यावर पहिल्या पावसाळ्यांचा गाळ, त्यावर कुजलेली पानं. बांधाच्या पोटात कुजलेल्या लाकडाचे काळे डाग असतात. लाकूड गेलं तरी डागांवरून ओंडके कसे रचले होते ते कळतं.

अलीकडे न खणताच बरंच समजतं. विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीचा चढउतार मोजणारं 'लायडार' तंत्र पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतं. संगणकावर झाडं बाजूला काढली की रानात पायी जाऊनही न दिसलेले चर रेघांसारखे उमटतात.

पीटर्सबर्गचा तो प्रसिद्ध खड्डा खरंच अजून आहे का?

आहे. जून १८६४ ते एप्रिल १८६५ असा साडेनऊ महिने पीटर्सबर्गचा वेढा चालला आणि दोन्हीकडच्या चरांची लांबी तीस मैलांवर गेली. संघराज्याच्या ४८ व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीत कोळशाच्या खाणीत काम केलेले पुष्कळ जण होते. त्यांचा प्रमुख हेन्री प्लेझंट्स खाण अभियंता. त्यांनी शत्रूच्या मोर्चाखाली ५११ फूट लांब सुरुंग खणला आणि त्यात ८,००० पौंड दारू भरली. ३० जुलै १८६४ च्या पहाटे वात पेटवली, ती मध्येच विझली. हॅरी रीस आणि जेकब डाउटी हे दोघे आत सरपटत गेले, वात जोडून पुन्हा पेटवून परत आले. पावणेपाचच्या सुमारास मोर्चा आभाळात गेला.

त्यानंतरचं सगळं चुकलं. सैनिक खड्ड्याला वळसा घालून पुढे जाण्याऐवजी खड्ड्यात उतरले आणि वरून त्यांच्यावर मारा झाला. काळ्या सैनिकांच्या पलटणीही त्यात होत्या. त्यातल्या शरण आलेल्या अनेकांना ठार मारण्यात आलं. संघराज्याची सुमारे ३,८०० माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली.

युद्धानंतर जमिनीचा मालक पैसे घेऊन खड्डा दाखवत असे. १९२० च्या दशकात भोवती चक्क गोल्फचं मैदान होतं. आज तो राष्ट्रीय रणभूमीचा भाग आहे. गवतानं भरलेली, अपेक्षेपेक्षा लहान वाटणारी खळगी आहे ती. कुंपणाशी उभं राहून सुरुंगाच्या तोंडाकडे बघितलं की अंतर किती थोडं होतं ते कळतं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ कुणाशी बोलले नाही.

समुद्रकाठच्या कोटांचं काय झालं?

वाईट झालं. दक्षिण कॅरोलायनातल्या मॉरिस बेटावरची बॅटरी वॅग्नर, जिच्यावर १८ जुलै १८६३ ला काळ्या सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीनं धडक दिली, ती लाटांनी नेली. उत्तर कॅरोलायनातल्या फोर्ट फिशरचा समुद्राकडचा तट जवळपास मैलभर होता, त्याचाही मोठा भाग गेला. तिथे निसर्गाला माणसानं मदत केली. १९२० च्या दशकात रस्त्यासाठी किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा खडक उचलून नेला आणि लाटांना वाट मोकळी झाली. आता दगडांचा बंधारा घालून उरलेला भाग धरून ठेवला आहे.

गुलामगिरीसाठी लढणाऱ्यांचे कोट कशाला जपायचे?

हा प्रश्न मला फार योग्य वाटतो. सेनापतीचा पुतळा त्याचा गौरव करायला उभारलेला असतो. मातीचा बांध कुणाचा गौरव करत नाही. सक्तीनं आणलेल्या ज्या माणसांचं नाव कुठल्याही कागदात सापडत नाही, त्यांच्या हातचं काम आज डोळ्यांनी बघता येतं ते याच बांधांत. तो सपाट केला तर त्यांचा तेवढाही पुरावा जातो. त्यामुळे जपायचा, आणि कुणी, कुणाच्या सक्तीनं बांधला ते फलकावर ठळक लिहायचं. फलकावर ते नसेल तर उद्यानाला जरूर लिहून कळवा.

आपल्याकडच्या गढ्यांशी याचं काही साम्य आहे का?

मातीचं आहे. मराठवाडा, खानदेश, विदर्भातल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आठवा. त्या यादवी युद्धातल्या कोटांपेक्षा कितीतरी जुन्या आणि वेगळ्या कामाच्या, पण त्यांची झीज त्याच पद्धतीनं होते. वरचं छप्पर किंवा गिलावा गेला की पाऊस आत शिरतो, आणि घरं सारवायला, शेतात टाकायला लोक पांढरी माती उचलून नेतात. पाचोळा राहू द्यावा, मुळं उपटू नयेत, चढायची वाट एकच आणि ठरलेली असावी, एवढं तर आपल्या गावच्या गढीसाठीही करता येईल.

आई-बाबा भारतातून आलेत. त्यांना कुठे आणि केव्हा नेऊ?

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. पानं गळलेली असतात, सूर्य खाली असतो, आणि सकाळी नऊच्या किंवा दुपारी चारच्या तिरप्या उन्हात बांधाची सावली खंदकात पडते. उन्हाळ्यात भर दुपारी तीच जागा सपाट दिसते. शिवाय उन्हाळ्यात गवतात गोचीड असतात, पायमोजे वर ओढून घ्या.

गुडघे दुखत असतील तर फोर्ट वॉर्ड. चालणं थोडं, संग्रहालय आहे, बसायला बाक आहेत. आधी पुन्हा बांधलेला बुरूज दाखवा, मग मूळ तट. उलट क्रमानं नेलं तर मूळ तट काय आहे ते कळत नाही. फोर्ट स्टीव्हन्स लहान आहे आणि बराचसा १९३० च्या दशकात पुन्हा बांधलेला, पण ११-१२ जुलै १८६४ ला दक्षिणेच्या जुबाल अर्लीच्या फौजेचा गोळीबार चालू असताना लिंकन इथल्या बांधावर उभा होता आणि त्याच्या शेजारचा शल्यवैद्य जखमी झाला, एवढं सांगितलं तरी बाबा मंडळी खूश होतात. चालायची तयारी असेल तर फोर्ट डीरसी. पीटर्सबर्गला पूर्ण दिवस काढा. गाडीतून फिरायचा मार्ग आहे, आणि सुरुवातीलाच वेढ्यात वापरली तशी १३ इंची उखळी तोफ ठेवली आहे. डबा बरोबर घ्या, आणि खड्ड्यापाशी पोचाल तेव्हा हाताशी थोडा जास्त वेळ ठेवा.